घरचं माणूस

सोमवारी सुजित कामावर आला नाही. मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला.

"मालक, चाकणला कंपनीत लागलो. सांगायला जमलं नाही, माफ करा."

"आरं पण दोन दिस आधी तरी सांगायचं," ज्योतीराम म्हणाला.

"लगेच हजर व्हा म्हणाले. बस हाय, कॅन्टीन हाय. आन् मालक, तिथं उकडत न्हाई."

एप्रिलचा तिसरा आठवडा चालू होता. भोसरीच्या एमआयडीसीत, एकमेकांना चिकटून उभ्या असलेल्या शेडांच्या गल्लीत सकाळी नऊलाच पत्रा तापायचा. त्या पत्र्याखाली ज्योतीरामचे दोन प्रेस. वरखाली जाड लोखंडी पाट, एकशेसत्तर डिग्रीवर तापलेले, आणि मधे साचा. साच्यात कच्च्या रबराचे तुकडे घालायचे, दाब द्यायचा, आठ मिनिटांनी उघडायचं, की सोळा काळ्या टोप्या तयार. मोटारीच्या गिअरच्या दांड्यावर बसणाऱ्या. चाकणची एक कंपनी त्या घ्यायची, आणि दुसरं गिऱ्हाईक नव्हतं.

फोन खिशात घालून ज्योतीराम मागं वळला. भिंतीकडेला पाच बायका पोत्यांवर बसल्या होत्या आणि टोप्यांच्या कडेची फालतू साल कात्रीनं काढत होत्या. त्यातली दुसरी त्याची बायको, छबू. गेली अकरा वर्षं ती तिथंच बसत होती. मालकाची बायको म्हणून तिला निराळं पोतं नव्हतं. फरक एवढाच, की बाकीच्या चौघींची नावं हजेरीच्या रजिस्टरात होती.

"छबू, ऊठ. आजच्या दिवस प्रेसवर उभी राहा."

"मला येतंय व्हय ते?"

"अकरा वर्सं बघतीस की. उद्या माणूस बघतो मी."

छबूनं कात्री खाली ठेवली, गुडघ्यावर हात दाबून ती उठली.

पहिल्या दिवशी तिच्या मनगटाला चटका बसला. साच्यातून टोपी काढताना हात आत घालावा लागतो आणि वरच्या पाटाची कड कुठं आहे ते डोळ्यांना कळतं, हाताला कळायला वेळ लागतो. तिनं नळाखाली हात धरला, खोबरेल लावलं आणि परत येऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी दुसरा चटका, पहिल्याच्या खाली दोन बोटांवर. उद्या येणारा माणूस आला तो गुरुवारनंतर. दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी जेवायला म्हणून बाहेर गेला तो आलाच नाही, डबासुद्धा तिथंच राहिला. त्यानंतर ज्योतीरामनं माणसाचा विषय काढला नाही आणि छबूनंही विचारलं नाही.

उष्णता तोंडाला लागत नव्हती. ती पोटाला लागायची. प्रेसचं तोंड बरोबर पोटाच्या उंचीला होतं, त्यामुळं दुपारपर्यंत लुगड्याचा पुढचा भाग इस्त्री केल्यासारखा कडक व्हायचा. ज्योतीरामनं त्याचा जुना खाकी शर्ट दिला. तो ती लुगड्यावरून घालायची, बाह्या कोपरापर्यंत दुमडून, कारण बाही लोंबली तर ती साच्यात जायची. संध्याकाळी पाय सुजायचे. घरी गेल्यावर पहिल्यांदा ती चप्पल काढायची आणि चप्पलेचा पट्टा पायावर तसाच उमटलेला दिसायचा. मग भाजी, भाकरी, भांडी. केसांतला जळक्या रबराचा वास काही केल्या जायचा नाही. मुलगा गणराज मारुंजीला मित्रांबरोबर खोली घेऊन राहायचा, तिकडंच नोकरीला. महिन्यातून एखादा रविवार यायचा. आला की म्हणायचा, "आई, तुझ्याजवळ टायरच्या दुकानासारखा वास येतो." चेष्टेनंच म्हणायचा.

पण काम तिला आलं. पंधरा दिवसांत आलं. सुजित टोपी ओढून काढायचा, त्यामुळं शंभरातल्या दहाबारा कडेला फाटायच्या. छबू ओढत नसे. पितळी सळई एका बाजूनं हळूच सरकवून ती हवेचा झोत मारायची आणि जरा थांबायची, की टोपी आपसूक सुटून वर यायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. शंभरात दोनतीन फाटायला लागल्या. ज्योतीरामनं ते वहीत बघितलं, पुन्हा एकदा बघितलं आणि वही मिटली. "बरं चाललंय," एवढंच म्हणाला.

सुमनताई तिच्या शेजारच्या पोत्यावर बसायच्या. कासारवाडीहून यायच्या. नवरा कारखान्यात होता, वारला. दोन मुली शिकवून कामाला लावल्या होत्या. त्या मोजून बोलत. एक दिवस साडेपाच वाजता पिशवी उचलून निघताना त्या प्रेसजवळ थांबल्या.

"वहिनी, मी साडेपाचला सुटते. तुम्ही कधी सुटता?"

छबू हसली. "आमचं कसलं सुटणं. घरचंच हाय."

"घरचं आहे म्हणूनच विचारलं," सुमनताई म्हणाल्या आणि गेल्या.

मे महिन्यात चाकणला मंगल कार्यालयात ज्योतीरामच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. भूम तालुक्यातून सगळा गोतावळा येणार होता. आदल्या दिवशी ज्योतीराम म्हणाला, "लांब बाह्यांचा ब्लाउज हाय का तुझ्याकडं?"

"ह्या उन्हाचा?"

"हाय का ते सांग."

नव्हता. तिनं शेजारणीकडून आणला. तो दंडाला आवळ होता आणि मनगटावर आखूड. मांडवात चुलत जाऊबाईंनी कौतुकानं तिचा हात हातात घेतला आणि बाही वर सरकली.

"अगं बया! कारखानदारीणबाई, हे गं काय?"

सगळ्या बायका वाकून बघायला लागल्या. चटक्यांच्या आडव्या रेघा, काही काळ्या, काही अजून गुलाबी. ज्योतीराम चार पावलांवर पाहुण्यांत उभा होता. इतर वेळी त्याला डाव्या कानानं ऐकू येत नसे, पण हे ऐकू आलं.

"कुरडया तळताना तेल उडलं," तो मोठ्यानं म्हणाला. "सांगत असतो, बाई लाव म्हून कामाला. ऐकत न्हाई."

बायका हसल्या. छबूही हसली आणि तिनं बाही ओढून घेतली. गावात ज्योतीराम कारखानदार होता. अठराव्या वर्षी तो भोसरीत आला तेव्हा अशाच एका प्रेसवर हेल्पर होता, तीन वर्षं शेडमध्येच पोत्यांवर झोपला होता. पंपाच्या आवाजानं कान गेला तो तेव्हा. आता गावचा कुणी भेटला की तो सांगायचा, दहाबारा माणसं हायती हाताखाली, बाई घरात सुखात हाय. हे सांगताना त्याचा चेहरा उजळायचा. छबूनं तो चेहरा पुष्कळदा बघितला होता आणि तिला तो मोडवत नव्हता.

माल चांगला जायला लागला तसं कंपनीनं जास्त माल मागितला. जास्त माल द्यायचा तर आधी कंपनीचं माणूस येऊन शेड बघणार, माणसं बघणार, कागद बघणार. जूनच्या दुसऱ्या सोमवारी येतो म्हणून निरोप आला.

रविवारी दिवसभर शेड धुतली. भिंतीवर एक तक्ता होता, कोणत्या मशीनवर कोण, त्याचा फोटो, त्याचं शिक्षण. सुजितचा फोटो काढून ज्योतीरामनं तिथं विक्कीचा फोटो चिकटवला. विक्की मागल्या गल्लीतल्या शेडमधला, एका दिवसापुरता मागून आणलेला.

"उद्या तू प्रेसवर न्हाईस," ज्योतीराम छबूला म्हणाला. "दुपारचा डबा घेऊन ये. बारा वाजता. बरी साडी नेस."

"विक्कीला टोपी काढता येती का?"

"प्रेसवालाच हाय त्यो."

"त्येचा साचा निराळा हाय."

"एका दिवसानं काय हुतंय," ज्योतीराम म्हणाला.

सोमवारी बाराला छबू डबा घेऊन आली तेव्हा कंपनीची बाई आतच होती. मिनल तिचं नाव, गळ्यात पट्टीला लावलेलं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची, पायात जाड बूट, हातात पाटीला लावलेले कागद. ती विक्कीच्या शेजारी उभी होती आणि विक्कीच्या मानेवरून घाम ओघळत होता. ट्रेमध्ये सहा टोप्या पडल्या होत्या. चार फाटलेल्या.

"सर, मागच्या दीड महिन्यात तुमचं रिजेक्शन एवढं खाली आलं," मिनल ज्योतीरामला म्हणाली. "ते याच हातानं आलं का?"

"आज जरा… तब्येत बरी न्हाई त्येची."

"तब्येत बरी नाही, मग मशीनवर कसा?"

बायकांच्या कात्र्या थांबल्या होत्या. छबू दाराशीच उभी होती, डबा दोन्ही हातांनी धरून. तिला मिनल दिसत नव्हती, ज्योतीराम दिसत नव्हता. तिला साचा दिसत होता. सातवी टोपी अडकली होती आणि विक्कीनं घाईघाईनं खिशातला लोखंडी स्क्रूड्रायव्हर काढून साच्यात खुपसला होता. लोखंडानं साच्याला एक ओरखडा गेला, की तिथून पुढं निघणाऱ्या प्रत्येक टोपीवर रेघ. नवा साचा करायचा म्हणजे दोन महिने काम बंद.

तिनं डबा कपाटावर ठेवला.

"सरक विक्की. ते काढ आधी भाईर."

विक्की सुटल्यासारखा बाजूला झाला. छबूनं पदर खोचला. खाकी शर्ट खिळ्यावर होता, पण तो घ्यायला ती गेली नाही. पितळी सळई घेतली, हवेचा झोत मारला, थांबली. टोपी वर आली. दुसरी. तिसरी. मग तिनं साचा फडक्यानं पुसला, रबराचे तुकडे मांडले, आत सरकवला आणि दाब दिला.

"ह्या कोण?" मिनलनं विचारलं.

"घरच्याच हायत, मॅडम," ज्योतीराम पुढं आला. "मिसेस. घरी बसून कंटाळतात, म्हून येतात अधनंमधनं. हौसेनं."

मिनल छबूच्या हातांकडं बघत होती. बऱ्या साडीवर आखूड बाह्यांचा ब्लाउज होता, त्यामुळं कोपरापासून मनगटापर्यंत सगळं उघडं होतं.

"हौसेनं?" तिनं छबूलाच विचारलं.

छबूनं ज्योतीरामकडं बघितलं. लग्नाच्या मांडवातला तो चेहरा आता नव्हता. मान खाली, हात पँटीला पुसत. तिला त्याची कीव आली आणि त्याच वेळी रागही आला.

"एप्रिलपासनं मीच हाय प्रेसवर," ती म्हणाली. "रोज."

मिनलनं रजिस्टर मागितलं. पानं उलटली. मग ती टेबलाशी बसली आणि ज्योतीराम तिच्यासमोर, स्वतःच्याच शेडमध्ये, उभा राहिला.

"सर, माल चांगला आहे. पण मशीनवर चालवणारं माणूस एक आणि भिंतीवर फोटो दुसऱ्याचा, हे मी कसं पास करू? उद्या यांचा हात सापडला तर यांचं नाव कुठंच नाही. पंधरा दिवस देते. यांना रजिस्टरवर घ्या, विमा काढा. नाहीतर मला ऑर्डर थांबवावी लागेल."

"मॅडम, बायकोला कुणी कामावर ठेवतं का?"

"ठेवलंय की तुम्ही," मिनल म्हणाली.

ती गेली. विक्की गेला. कुणी डबा उघडला नाही. साडेपाचला बायका उठल्या. सुमनताईंनी जाताना छबूच्या पाठीवर हात ठेवला.

शटर अर्धं खाली ओढून ज्योतीराम खुर्चीत बसला.

"मधी कशाला पडलीस? त्या पोरानं कसंबी निभावलं असतं."

"स्क्रूड्रायव्हर घातला व्हता त्यानं साच्यात."

"मला दिसत व्हता."

"मग?"

त्यानं टेबलावरचं रजिस्टर मिटलं. म्हणाला, "आता गावात कळंल. ज्योतीरामची बायको मजुरीला हाय म्हणतील."

"मजुरीला न्हाई का?"

"तसं न्हाई गं…"

"हौसेनं म्हणलाव तुमी."

"मग काय म्हणू? बायकोला राबवतो म्हणू?" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. दुसरा प्रेस तो स्वतः रात्रपाळीला चालवत होता, डोळ्यांखाली काळं झालं होतं. "कुणासाठी करतोय मी हे?"

"तसं म्हणू नका," छबू म्हणाली. "पण हौसेनंबी म्हणू नका."

आठ दिवसांनी कागद झाले. विम्याचं काम बघणारा कारकून शेडमध्येच आला. टेबलाच्या एका बाजूला ज्योतीराम, दुसऱ्या बाजूला छबू. कारकुनानं नाव लिहिलं, छबूबाई ज्योतीराम हुंबे. हुद्दा, प्रेस ऑपरेटर. मग कागद फिरवून त्यानं दोन जागा दाखवल्या. मालक लिहिलं होतं तिथं ज्योतीरामनं सही केली. कामगार लिहिलं होतं तिथं छबूनं. सातवीपर्यंत शिकली होती ती, पण सही करायची वेळ फार येत नसे. 'हुंबे'चा उकार द्यायचा राहिला, तो तिनं मागून दिला. भिंतीवर तिचा फोटो लागला, विक्कीच्या जागी.

जेवणाच्या सुट्टीत सुमनताईंनी कागद वाचून दाखवला.

"कामाचे तास आठ. आठवड्याची सुट्टी गुरुवार. आजारपणात रजा." त्यांनी कागदाची घडी घातली. "वहिनी, आता तुम्ही आमच्यातल्या. चहा पाजा."

चहा आला. पाचीजणी खूप दिवसांनी मोकळं हसल्या. ज्योतीराम बाहेर टेम्पोत माल चढवत होता.

पण दिवस होते तसेच राहिले. पगार तिच्या नावावर जमा होऊ लागला आणि बँकेचं कार्ड ज्योतीरामच्या पाकिटात राहिलं. ह्या खिशातून त्या खिशात, तो म्हणाला. ऑर्डर दुप्पट झाली, म्हणून छबू आठला उभी राहायची ती रात्री आठपर्यंत. गुरुवारी गल्ली बंद असायची. त्या दिवशी दोघं साचे साफ करायची, पाठ वाकवून, नाकाला फडकं बांधून.

"कागदात गुरुवारची सुट्टी हाय म्हणत्यात," छबू एकदा म्हणाली.

"ती कामगारांस्नी," ज्योतीराम बोलून गेला. बोलल्यावर त्याचा हात थांबला. मग तो पुन्हा घासायला लागला, पहिल्यापेक्षा जोरात.

ऑगस्टमध्ये पत्र्यावर पाऊस वाजायचा आणि खाली वाफ कोंडायची. त्यातच छबूला ताप भरला. पहिला दिवस तिनं अंगावर काढला. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला तिनं साचा उघडला आणि आत बघत उभीच राहिली. पुढं काय करायचं ते तिला आठवेना. मग ती खाली बसली, तिथंच, प्रेसच्या पायाशी, दोन्ही तळवे गार फरशीला टेकून. फरशी सोडवेना.

सुमनताईंनी येऊन कपाळाला हात लावला. "भाजतंय की हो."

"तापाची गोळी घे," ज्योतीराम धावत आला. "जरा पड पोत्यावर. तासाभरानं बरं वाटंल. आज माल जायचाय गं."

"सर, मी घेऊन जाते त्यांना," सुमनताई म्हणाल्या. "विम्याचं कार्ड आहे ना त्यांच्या नावाचं. दवाखाना कशाला आहे मग?"

शेअर रिक्षात तिघींच्या मधे बसून छबू विम्याच्या दवाखान्यात गेली. रांगेत दीड तास लागला. डॉक्टरांचे केस पांढरे होते, बोलताना ते कागदातून वर बघत नव्हते.

"काम काय करता?"

"रबराच्या प्रेसवर असते," छबू म्हणाली. काम काय या प्रश्नाला असं उत्तर तिनं पहिल्यांदाच दिलं होतं.

"किती तास उभं राहता?"

"सकाळी आठ ते रात्री आठ. मदी जेवाय बसते."

"घरी कोण करतं?"

"मीच."

आता डॉक्टरांनी वर बघितलं. डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, पायावर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरेना. "रक्त नाही अंगात. ताप उतरेल दोन दिवसांत, पण ताप हा तुमचा आजार नव्हे. सात दिवस विश्रांती लिहितो."

"सात? तीन करा की, डॉक्टर."

"हा भाजीबाजार नाही, बाई."

सुमनताईंना हसू आलं. छबूला आलं नाही. तो कागद हातात धरून तिला चोरी केल्यासारखं वाटत होतं.

शेडमध्ये परत आल्यावर तिनं तो ज्योतीरामसमोर धरला. त्यानं लांब धरून वाचला.

"सात दिवस?"

"डॉक्टरनं लिवलंय."

"घरात कसला कागद देतीस मला?"

छबूला उभं राहवत नव्हतं. तिनं टेबलाचा कोपरा धरला. "घरात न्हाई. शेडमदी देते."

पंप चालू होता. साचा उघडा पडला होता, गार होत. ज्योतीरामनं कागदाकडं बघितलं, भिंतीवरच्या तिच्या फोटोकडं बघितलं, मग बाकीच्यांच्या रजेचे कागद ज्या फाइलला लावलेले होते त्या फाइलला तोही लावला.

"जा," तो म्हणाला. रागानं नाही, मायेनं नाही. दमलेल्या माणसासारखा.

पहिले दोन दिवस ती नुसती झोपली. दिवस की रात्र ते कळत नव्हतं. ज्योतीराम वडापाव आणायचा, पेज आणायचा, उशाशी ठेवायचा. तिसऱ्या दिवशी ताप उतरला. खिडकीतून शेजारच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसत होते, पाऊस आला की एक बाई धावत येऊन ते काढायची, पाऊस थांबला की पुन्हा घालायची. छबू ते बघत पडून राहिली. दुसऱ्याचं काम बघत पडून राहणं तिनं जन्मात केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत ज्योतीराम घरी आला. उजव्या मनगटावर फडकं गुंडाळलेलं. तीन दिवस दोन्ही पाळ्या तोच करत होता. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि पाय लांब केले.

"माल गेला का?" छबूनं विचारलं.

"निम्मा गेला. टोप्या निघत न्हाईत धड."

तो फडक्याचं टोक कुरतडत राहिला.

"कंपनीचा फोन आला व्हता. निम्मा माल कुठाय म्हणून. बाई आजारी हाय म्हणलो. म्हणाले, दुसरा ऑपरेटर न्हाई का?" त्यानं खाली बघितलं. "न्हाई म्हणलो."

बाहेर पाऊस लागला. गच्चीवरची बाई कपडे काढायला आली असेल.

"सोमवारी यशील का?" त्यानं विचारलं.

छबूनं मान वळवून त्याच्याकडं बघितलं. 'ये' म्हणाला नव्हता. 'यशील का' म्हणाला होता. तेवीस वर्षांत असं त्यानं किती वेळा विचारलं, तिला आठवेना.

"सोमवारी सात दिवस भरत न्हाईत. मंगळवारी यीन. आठला यीन, पाचला सुटंन."

"आन् पाचच्या फुडं?"

"फुडं दुसरं माणूस बघा."

"माणूस काय लगेच मिळतंय का?"

"सुजित गेला तवा मी मिळाले की लगेच," छबू म्हणाली.

तिनं ते भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. भांडायला अंगात जोर नव्हता. ज्योतीरामनं लांब केलेले पाय जवळ ओढले.

"खाल्लंस का काही?"

"न्हाई."

तो उठला. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी जाऊन उभा राहिला. डबे ओळीनं होते आणि एकावरही नाव नव्हतं.

"पीठ कशात हाय?"

"मधल्या डब्यात. स्टीलच्या."

त्यानं परात काढली. पीठ घेतलं, पाणी ओतलं, जास्त झालं, पुन्हा पीठ घेतलं. फडकं भिजलं म्हणून सोडून टाकलं. चटका कोपराकडं जाणारा होता, लांब आणि ओला. पीठ लागलं तेव्हा त्यानं दातांतून श्वास ओढला. भाकरी थापायला घेतली ती उचलताना मोडली. पुन्हा गोळा केला, पुन्हा थापली, पुन्हा मोडली. तवा धुरायला लागला होता.

पाणी कोमट घ्यायचं, हे छबूच्या ओठांवर आलं. पाय आपसूक अंथरुणाबाहेर आले, फरशीला टेकले. तिनं ते तसेच ठेवले थोडा वेळ.

ज्योतीरामनं तिसऱ्यांदा गोळा हातात घेतला आणि मान वळवून तिच्याकडं बघितलं.

छबूनं पाय वर घेतले, पांघरूण ओढलं आणि भिंतीकडं कूस करून ती झोपली.